पंख तोच, ड्रॅग सकाळी एक आणि दुपारी दुसरा: घरगुती फणीचं माप घसरतं तेव्हा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते ताडून बघता येईल. ३.६ मीटर पंखविस्ताराचा, रेडिओवर चालणारा ग्लायडर. पंखाच्या मागच्या कडेपासून ४० मिलिमीटर मागे सुयांची एक उभी फणी, आणि धडात दाब मोजणारा सेन्सर. सकाळी साडेसहाला उडवला की पंखाच्या त्या भागाचा ड्रॅग गुणांक (हवा पंखाला किती मागे ओढते त्याचं माप) ०.०१२ च्या आसपास येतो. साडेअकराला त्याच पंखाचा, त्याच वेगाला ०.०१७. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ०.०१२. सोलापुरात फेब्रुवारीच्या शेवटाला ऊन चढू लागलं की हे सुरू होतं, आणि मे महिन्यात आकडे इतके भरकटतात की दोन पंखांची तुलना करायची सोयच राहत नाही.

मी दोन उन्हाळे या फरकामागे होतो. कारण एक नव्हतं. अनेक होती, आणि ती एकमेकांच्या आड लपत होती. एक दुरुस्त केलं की आकडा थोडा हलायचा आणि वाटायचं, सुटलं. म्हणून तपासायचा क्रम महत्त्वाचा आहे. पंखावर शंका घ्यायची ती सगळ्यात शेवटी.

फणी काय मोजते

पंख हवेतून गेला की त्याच्या मागे मंदावलेल्या हवेचा एक पातळ पट्टा राहतो. त्या पट्ट्यातल्या हवेने एकूण दाबापैकी (स्थिर दाब अधिक वेगामुळे येणारा दाब) किती गमावला ते मोजलं, की पंखाच्या तेवढ्या छेदाचा ड्रॅग काढता येतो. जर्मनीत बेट्झ यांनी १९२५ मध्ये याचं गणित मांडलं. केंब्रिजच्या मेल्विल जोन्स यांनी १९३६ मध्ये ते उडत्या विमानावर वापरता येईल इतकं सुटसुटीत केलं. पुढे अमेरिकेत डिक जॉन्सन यांनी माणूस बसणाऱ्या ग्लायडरांच्या पंखांमागे अशाच फण्या लावून मापं घेतली. आपण करतो ते तेच, फक्त हाताशी असलेल्या सामानात.

माझ्या फणीत २० सुया आहेत आणि त्या सगळ्या मागे एकाच पितळी नळीत उघडतात. नळीत जो दाब मिळतो तो वीस ठिकाणच्या दाबांची सरासरी असतो. पंखाबाहेरच्या स्वच्छ हवेचा एकूण दाब दुसऱ्या एका नळीने घ्यायचा आणि दोहोंतला फरक सेन्सरवर वाचायचा. फरक भागिले वेगाचा दाब, गुणिले फणीची उंची, भागिले पंखाची पुढून मागे रुंदी. हाच ड्रॅग गुणांक. नेमका आकडा हवा असेल तर १ पेक्षा थोडा कमी असा एक गुणक लावावा लागतो. एकाच फणीने, एकाच जागी दोन मापांची तुलना करताना त्याने फारसं बिघडत नाही.

सुयांमधलं अंतर सारखं ठेवणं हे सगळ्यात किचकट काम होतं, आणि ते सुटलं पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात. तिथले जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, अण्णा मोडीत काढलेल्या मागाच्या फण्या बाजूला ठेवत होते. त्यांतली चादरीच्या जाड सुताची, २ इंचांत २४ फटींची एक मागून घेतली. म्हणजे फटीपासून फटीपर्यंत २.१ मिलिमीटर, आणि हे अंतर पहिल्या फटीपासून शेवटच्या फटीपर्यंत कुठेच बदलत नाही. पट्टीने आखून हाताने इतकं नेटकं मला कधी साधलं नव्हतं. सुया २० गेजच्या, पिवळ्या टोपीच्या, बाहेरून ०.९ मिलिमीटर. टोप्या काढून त्या फटींत ओळीने बसवल्या, मागची टोकं पितळी नळीला पाडलेल्या उभ्या चिरेत घातली, चीर अ‍ॅराल्डाइटने बुजवली आणि वाळल्यावर मागाची फणी सोडवून घेतली. वीस सुया गुणिले २.१, म्हणजे ४२ मिलिमीटर उंची.

एक गोष्ट इथेच करून टाका. इंजेक्शनच्या सुईचं टोक तिरकं असतं. ते घासून सपाट करा आणि आतली कोर बारीक तारेने साफ करा. तिरक्या टोकाच्या सुईला हवेची दिशा थोडी बदलली तरी दाब कमी लागतो आणि ती तूट ड्रॅग म्हणून मोजली जाते. सगळ्या सुयांची लांबीही सारखी हवी. सुयांमधून नळीत अगदी थोडी हवा सतत इकडून तिकडे जात असते, आणि प्रत्येक सुईचा अडथळा सारखा असेल तरच नळीतला दाब खरी सरासरी असतो.

आकडे किती लहान आहेत

हे समजल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून थोडं वर आहे. ४० अंश तापमानाला इथल्या हवेची घनता घनमीटरला साधारण १.०७ किलो भरते. सेकंदाला १५ मीटर वेगाला वेगाचा दाब होतो १२० पास्कल, म्हणजे पाण्याचा जेमतेम १२ मिलिमीटर स्तंभ. पंखाची रुंदी २२० मिलिमीटर आणि गुणांक ०.०१२ धरला, तर फणीच्या सरासरीत दिसणारी तूट फक्त ७.५ पास्कल. पाण्यात सांगायचं तर पाऊण मिलिमीटर.

०.०१२ चा ०.०१७ व्हायला यात किती चूक पुरते? ३ पास्कल. ३ पास्कल म्हणजे पाण्याचा ०.३ मिलिमीटर. आपण १२० च्या घरातले दोन दाब एकमेकांतून वजा करून साताचा आकडा काढतो आहोत. त्यातल्या एका दाबात एका टक्क्याची चूक झाली, तर उत्तरात १६ टक्के चूक होते.

म्हणूनच विमानाचा वेग मोजायला मिळणारा ±२००० पास्कल पल्ल्याचा सेन्सर इथे निरुपयोगी आहे. त्याचं शून्यच कित्येक पास्कल इकडेतिकडे होतं. ±५०० किंवा त्याहून कमी पल्ल्याचा घ्या.

टोपी आणि अदलाबदल

फणीवर आणि स्वच्छ हवेच्या नळीवर जाड कापडाची टोपी घाला. आत वारा नाही, म्हणजे सेन्सरने शून्य दाखवायला हवं. हे सावलीत एकदा करा. मग ग्लायडर वीस मिनिटं उन्हात ठेवून पुन्हा करा. माझा पडद्याचा सेन्सर (दाबाने आतला पातळ पडदा वाकतो, तो) सावलीत शून्यावर असायचा आणि उन्हात धड तापलं की जवळजवळ २ पास्कलवर जाऊन बसायचा. दुपारच्या वाढीतला मोठा वाटा इथेच सापडला.

उपाय अवघड नाही. सेन्सर थर्माकोलच्या डबीत ठेवा, धडाचा तेवढा भाग पांढरा रंगवा, आणि प्रत्येक उड्डाणाआधी आणि उतरल्याबरोबर टोपी घालून शून्य नोंदवा. दोन शून्यांत अर्ध्या पास्कलपेक्षा जास्त फरक आला तर ते उड्डाण वहीतून बाद. हा नियम मी कडक पाळतो. उड्डाण चांगलं झालं होतं म्हणून आकडा ठेवावासा वाटतो, आणि पुढचा महिनाभर तोच आकडा फसवत राहतो.

कमी पल्ल्याच्या पडद्याच्या सेन्सरला स्वतःच्या पडद्याचं वजनसुद्धा जाणवतं. टेबलावर तो पालथा करून बघा, शून्य हललेलं दिसेल. त्यामुळे धडात तो असा बसवा की पडदा उभा राहील. आडवा बसवला तर ग्लायडर वर सोडणाऱ्या रबरी दोरीच्या झटक्याने आणि वळणाच्या जोराने शून्य घसरतं.

आता सगळ्यात कामाची तपासणी. सेन्सरच्या दोन तोंडांना लावलेल्या नळ्यांची अदलाबदल करा आणि तेच उड्डाण पुन्हा करा. खरा फरक असेल तर तो तेवढाच राहून चिन्ह उलटं होईल. सेन्सरची स्वतःची चूक मात्र चिन्ह बदलणार नाही. समजा आधी +९.५ आलं आणि अदलाबदलीनंतर −५.५. दोन्हींची बेरीज ४, तिचा निम्मा २, ही सेन्सरची चूक. वजाबाकी १५, तिचा निम्मा ७.५, हा खरा ड्रॅग. याला दुसरं यंत्र लागत नाही, खर्च नाही. मी हे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं, केलं पहिला उन्हाळा संपताना.

हवा आतून वाहू देऊन मोजणारे उष्णतेचे सेन्सर मिळतात. त्यांचं शून्य फार स्थिर असतं. पण त्यांच्यातून हवा खरोखर जाते, म्हणून लांब आणि बारीक नळी लावली की ते कमी दाखवतात. ते वापरत असाल तर नळी आखूड आणि आतून किमान ३ मिलिमीटरची ठेवा.

उन्हात सुटणारे जोड

शून्य आवरलं, तरी दुपारचा आकडा ०.०१४ च्या खाली येईना. शिवाय तो नेहमी वरच जायचा, खाली कधीच नाही. या एकाच बाजूला झुकण्यातच उत्तर होतं.

गळती कुठल्या नळीत आहे हे चिन्हावरून कळतं. धडाच्या आतला दाब एकूण दाबापेक्षा बराच कमी असतो. फणीच्या नळीला धडात गळती असेल तर फणीचा दाब उतरतो, तूट मोठी दिसते आणि ड्रॅग वाढलेला वाटतो. स्वच्छ हवेच्या नळीला गळती असेल तर उलट, ड्रॅग कमी दिसतो. माझा ड्रॅग वाढत होता, म्हणजे गळती फणीकडे.

सकाळी घरात तपासलं तर कुठेच गळती नाही. मी फणीला सलाईनची नळी जोडली होती. ही नळी चाळिशीच्या उन्हात मऊ पडते, आणि बंद धडात तर बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. पितळी तोंडावरची तिची पकड सैल होते. संध्याकाळी गार झाली की पुन्हा घट्ट. सकाळी निर्दोष आणि दुपारी सदोष, याचं दुसरं कारण हे.

तपासणी उन्हातच करा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सगळ्या सुयांच्या तोंडांवर घट्ट दाबून धरा. दुसऱ्या टोकाला टी-जोडाने सिरिंज आणि पाण्याची यू-नळी लावा. सिरिंजने २० मिलिमीटर पाण्याइतका दाब चढवा आणि एक मिनिट बघा. पाणी १ मिलिमीटरहून जास्त उतरलं तर गळती आहे. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावत गेलात की बुडबुडा जागा दाखवतो. मी सलाईनची नळी काढून सिलिकॉनची घातली आणि प्रत्येक जोड मेणलावल्या दोऱ्याने आवळला. तेव्हापासून त्या जोडांनी त्रास दिलेला नाही.

स्वच्छ हवेच्या नळीसाठी सुई वापरू नका. वीस सुयांच्या नळीपेक्षा एका सुईवर गळतीचा परिणाम वीसपट होतो. तिथे ३ मिलिमीटरची पितळी नळी लावा. ती मंद पट्ट्याच्या बाहेर असली की पुरे. पट्ट्याबाहेर एकूण दाब सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे तिच्या जागेची फार काळजी नको.

बुजलेली सुई

हे कारण ओळखायला वाईट, कारण आकडा कधी वर जातो, कधी खाली. पट्ट्याबाहेरची एक सुई बुजली तर तूट नसलेली एक जागा सरासरीतून गळते आणि ड्रॅग पाच टक्क्यांनी वाढतो. पट्ट्याच्या मधोमध असलेली बुजली तर ड्रॅग कमी होतो. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत शिवारात जी बारीक धूळ उडते ती ०.६ मिलिमीटरच्या भोकाला पुरेशी आहे. पहाटेचं दवसुद्धा पुरतं. एक थेंब सुईत अडकला की इतक्या कमी दाबाने तो हलत नाही.

ताटात पाणी घ्या, फणी आडवी धरून सगळी टोकं सारख्याच खोलीवर बुडवा आणि मागून हळू फुंका. वीस ठिकाणांहून बुडबुडे यायला हवेत. मग मात्र फणी झटकून, सायकलच्या पंपाने हवा मारून पूर्ण वाळवा. तपासणीचंच पाणी सुईत राहून गेल्याने माझी एक अख्खी सकाळ वाया गेली आहे. फणी घरी नेताना कापडी टोपी घातलेली असावी.

पट्टा फणीच्या बाहेर गेला तर

ग्लायडर हळू उडवला की पंख जास्त कोनात जातो आणि मंद पट्टा जाड होऊन वर सरकतो. त्याची वरची कडा फणीच्या बाहेर गेली तर तेवढा ड्रॅग मोजलाच जात नाही. फणी ५ मिलिमीटर वर सरकवून एक उड्डाण, ५ मिलिमीटर खाली सरकवून एक. पट्टा पूर्ण आत असेल तर सरासरी बदलणार नाही. बदलली, तर फणीची जागा चुकली किंवा उंची कमी पडली. लांब फणी करायचा मोह होतो, पण उंची दुप्पट केली की सरासरीची तूट निम्मी होते आणि ७.५ पास्कलचे पावणेचार उरतात. शून्याची लढाई पुन्हा पहिल्यापासून.

वेगाच्या दाबाबद्दल थोडक्यात. तो जीपीएसच्या वेगावरून काढू नका. जीपीएस जमिनीवरचा वेग देतं, त्यात वारा मिसळलेला असतो, आणि बरेच जण घनता समुद्रसपाटीची १.२२५ घेऊन मोकळे होतात. दुपारच्या सोलापुरात तेवढ्यानेच १३ ते १५ टक्के चूक होते. दुसऱ्या पंखावर, पुढच्या कडेपासून निदान एका पंखरुंदीइतकी पुढे जाणारी दांडी बसवून पितो नळी (समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब घेणारी) आणि स्थिर दाबाची भोकं तिथे ठेवा. मग तूट आणि वेगाचा दाब एकाच क्षणी मिळतात आणि भागाकारात घनतेचा प्रश्न उरत नाही. दोन्हींच्या नळ्यांची लांबी सारखी असू द्या, नाहीतर एक आकडा मागे पडतो.

सेन्सर खरं बोलतो का हे पडताळायला तिरकी नळी करा. लाकडी फळीवर पारदर्शक नळी दहाला एक या उताराने बसवायची, रंगीत पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकायचा, म्हणजे पाणी नळीला चिकटत नाही. उभ्या ०.१ मिलिमीटरला नळीत १ मिलिमीटर सरक दिसते, आणि ती जवळपास १ पास्कल असते. फळी पाणसळीने बरोबर लावा. किंचित कललेली फळी उतारच बदलून टाकते.

आणि मग पंख

एवढं सगळं झाल्यावर मागच्या मार्चमध्ये सकाळी ०.०१२ आणि दुपारी ०.०१३ असे आकडे मिळू लागले. फरक लहान होता, पण जात नव्हता. शून्य बरोबर, गळती नाही, वीसही सुया मोकळ्या, अदलाबदल केली तरी तेच.

भाच्याने ओल्या फडक्याने पंखाची पुढची कड पुसली आणि फडकं मला दाखवलं. त्यावर मळणीची पिवळट धूळ होती आणि सात-आठ चिलटं. लगेच, त्याच उन्हात, पुन्हा उडवला. ०.०१२.

म्हणजे हा उरलेला फरक खरा होता. २२० मिलिमीटरचा पंख या वेगाला १ लाख ९० हजारांच्या रेनॉल्ड्स अंकावर चालतो; हवा गुळगुळीत वाहील की खळबळून, याचा अंदाज हा अंक देतो. तिथे पंखाच्या पुढच्या भागावरून हवा गुळगुळीत थरांनी सरकते, आणि चिकटलेला एक कण त्या थरांत लवकर खळबळ माजवतो. सकाळी पहिल्या दोन उड्डाणांत पंख स्वच्छ असतो, दुपारपर्यंत डझनभर वेळा तो जमिनीला टेकून धूळ घेऊन आलेला असतो. मी ज्याला उन्हाचा दोष समजत होतो त्याचा शेवटचा भाग उड्डाणांच्या संख्येचा होता. यंत्र नीट झालं तेव्हा ते मला पंखावरची चिलटं मोजून दाखवू लागलं, याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता मी एक उड्डाण न पुसता आणि एक पुसून, असं आलटूनपालटून करतो आणि दोन्ही वहीत शेजारी लिहितो. दुपारी उकळत्या हवेत वर-खाली ढकलणारे झोत असल्याने एका उड्डाणातला सरळ, स्थिर भाग पाच-सहा सेकंदच मिळतो, म्हणून तुलनेची उड्डाणं सकाळी आठच्या आत संपवतो.

जागेबद्दलही सांगायला हवं. बार्शी रस्त्याला नान्नजकडचा माळ सपाट आणि मोकळा दिसतो, पण तो माळढोकचा अधिवास आहे, तिथे उडवू नका. होटगी रस्त्याच्या विमानतळाच्या आसपासही नाही. आम्ही डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या हवाई नकाशावर हिरवा भाग बघून, मोहोळच्या बाजूला ज्वारी निघालेल्या रानात, मालकाला विचारून जातो. मळणी चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबतो, आणि फणीवरची टोपी रबरी दोरी ताणून झाल्यावरच काढतो.